रिकाम्या पाटांचा हिशेब

सोळा पाट मांडलेल्या पंगतीत आठच माणसे जेवायला आली, तर उरलेल्या आठ पाटांचे काय करायचे? दोन रीती संभवतात. प्रत्येकाला दोन-दोन पाट देऊन ऐसपैस बसवायचे, किंवा आठही जणांना एका टोकाला शेजारी-शेजारी बसवून पंगतीचे दुसरे टोक रिकामे सोडायचे. वाढप्याला दोन्ही सारखेच, कारण तो एका फेरीत सोळाही पाटांसमोरून जाणारच आहे. मग फरक कुठे पडतो? माणसे पंगतीत येताना आणि पंगतीतून उठताना. इंटेल आणि एएमडीच्या एक्स-८६ प्रोसेसरांसाठी यंत्रभाषा तयार करणाऱ्या एलएलव्हीएम या कंपायलरने बरीच वर्षे पहिली रीत पाळली. २०१९ च्या उत्तरार्धात त्याने ती सोडून दुसरी धरली, आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून ती सर्वांच्या वाट्याला आली. बाहेरून पाहिले तर नियम ठरवणाऱ्या एका फंक्शनमधली अट बदलली, एवढेच. पण ती अट बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर कंपायलरच्या कानाकोपऱ्यांतल्या कोडची जी उलथापालथ करावी लागली, ती या प्रस्तावनेचा विषय आहे. अरुंद पूर्णांक-व्हेक्टर, म्हणजे प्रोसेसरचे रजिस्टर पुरते न भरणारी पूर्णांकांची रांग, हा प्रकार इतका आडबाजूचा आहे, की कंपायलरवर काम करणारी मंडळीही त्याच्याकडे ‘नंतर बघू’ म्हणून पाहतात. माझे म्हणणे असे, की रिफॅक्टरिंग म्हणजे नेमके काय, हे शिकायला याच्याइतके चोख उदाहरण सहसा सापडत नाही. इथे कोड ‘नीटनेटके’ करण्याचा प्रश्नच नव्हता. पोकळी कुठे ठेवायची, हा एकच निर्णय होता, आणि तो चुकीच्या जागी घेतला गेल्याची किंमत शेकडो ठिकाणी हप्त्याहप्त्याने भरली जात होती.

आधी पंगत कशी मांडली गेली ते पाहू. इंटेलने १९९७ साली पेंटियममध्ये एमएमएक्स आणले, तेव्हा व्हेक्टर रजिस्टर ६४ बिटांचे होते. एकेका बाइटाचे आठ घटक त्यात नेमके मावत. पण ही रजिस्टरे खरी स्वतंत्र नव्हती. दशांश (फ्लोटिंग-पॉइंट) गणितासाठी असलेल्या जुन्या एक्स-८७ च्या रजिस्टरांवरच त्यांची सोय लावलेली होती, आणि एमएमएक्सचे काम संपले की जागा मोकळी झाल्याची वेगळी आज्ञा द्यावी लागे. ती विसरली की पुढचे दशांश गणित बिघडे. पेंटियम-४ बरोबर एसएसई-२ आले आणि पूर्णांकांना १२८ बिटांची, कुणाशीही वाटणी नसलेली रजिस्टरे मिळाली. तेव्हापासून शहाण्या कंपायलराने एमएमएक्सच्या वाटेला जाऊ नये, हे हळूहळू ठरून गेले. एलएलव्हीएमने पुढे एमएमएक्ससाठी निराळाच प्रकार केला आणि सामान्य व्हेक्टर तिकडे फिरकणार नाहीत अशी व्यवस्था लावली. निर्णय योग्यच होता, पण त्याने ६४ बिटांचे व्हेक्टर बेघर झाले. कंपायलरच्या भाषेत ज्या प्रकाराला थेट रजिस्टर आहे तो ‘लीगल’, ज्याला नाही तो ‘इल्लीगल’, आणि इल्लीगल प्रकाराचे लीगल प्रकारात रूपांतर करणाऱ्या टप्प्याचे नाव लीगलायझेशन. आठ बाइट, चार १६-बिट पूर्णांक, दोन ३२-बिट पूर्णांक हे सगळे एका रात्रीत इल्लीगल ठरले. चार बाइट आणि दोन बाइट यांना तर आधीही घर नव्हते.

या बेघरांना आसरा देण्यासाठी दोन उपाय होते. पहिला प्रमोशनचा. घटकांची संख्या तीच ठेवायची आणि प्रत्येक घटक फुगवून रजिस्टर भरायचे. आठ बाइटांचे आठ १६-बिट पूर्णांक होतात, चार बाइटांचे चार ३२-बिट, आणि दोन बाइटांना प्रत्येकी चक्क ६४ बिटांची जागा मिळते. दुसरा उपाय वाइडनिंगचा. घटकाचा आकार तोच, रांग मात्र लांब. आठ बाइटांचे सोळा बाइट करायचे, पहिले आठ खरे, उरलेले आठ अनिश्चित. दोन्हींत अनिश्चित बिटे येतातच. प्रमोशनमध्ये ती प्रत्येक दोन घटकांच्या मधे साचतात, वाइडनिंगमध्ये सगळी शेपटीला. २०११ च्या आसपास एलएलव्हीएमने पूर्णांक-व्हेक्टरांसाठी प्रमोशन स्वीकारले, त्याला सबळ कारण होते. तुलना करणाऱ्या आज्ञेचे उत्तर प्रत्येक घटकामागे एक बिट, हो किंवा नाही, असे असते. पण एसएसईची आज्ञा ते उत्तर अख्खा कप्पा एकांनी किंवा शून्यांनी भरून देते. चार ३२-बिट घटकांची तुलना केली की चार ३२-बिट मुखवटे हातात येतात. म्हणजे एका बिटाचा घटक फुगवून ३२ बिटांचा करणे हे हार्डवेअर स्वतःच करते. एका बिटाच्या घटकाला जे लागू, ते आठ किंवा सोळा बिटांच्या घटकालाही लागू असेल, असे गृहीत धरले गेले. गृहीतक साधे होते आणि त्या काळी फारसे बोचतही नव्हते, कारण इतके अरुंद व्हेक्टर हाताने लिहिणारे लोक मोजके होते.

बोचू लागले ते स्वयंचलित व्हेक्टरायझेशन स्थिरावल्यावर. २०१३ च्या सुमारास एलएलव्हीएममध्ये लूपांचे आणि सरळ ओळींतल्या शेजारशेजारच्या क्रियांचे व्हेक्टर करणारे दोन्ही टप्पे कामाला लागले. मग एका पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा आणि अल्फा हे चार बाइट, आवाजाच्या नमुन्यांच्या जोड्या, निर्देशांकांच्या जोड्या, असे सगळीकडून अरुंद व्हेक्टर कंपायलरच्या दारात येऊ लागले. आणि इथे पंगतीत येण्या-उठण्याचा खर्च उघडा पडला. स्मृतीत आठ बाइट एकाला एक लागून असतात. दोन जागांवरून आठ-आठ बाइट उचलायचे, बेरीज करायची, तिसऱ्या जागी ठेवायचे, एवढे काम घ्या. वाइडनिंगमध्ये ते चार आज्ञांत होते: दोनदा उचल, बाइटांची बेरीज कर, खालचे आठ बाइट ठेव. प्रमोशनमध्ये एसएसई-२ वर आधी दोनदा उचलायचे, मग दोन्ही रजिस्टरांतले बाइट पसरून मधे जागा करायची, १६-बिटांची बेरीज करायची, वरचा कचरा पुसायचा, बाइट पुन्हा दाबून एकत्र आणायचे आणि ठेवायचे. आज्ञा आठ, त्यांतली खरी बेरीज एक. पुढच्या प्रोसेसरांत उचलतानाच पसरवणारी आणि एका फटक्यात बाइटांची फेरमांडणी करणारी आज्ञा आली, तेव्हा आकडा पाचावर आला. तरी फेरमांडणीचा नकाशा स्थिरांक म्हणून स्मृतीतून आणावा लागेच. एखाद्या आज्ञेने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. आतल्या लूपमध्ये, जिथे तेच काम कोट्यवधी वेळा होते, तिथे बिघडते. त्याहून वाईट म्हणजे ही फेरमांडणी करणारे हार्डवेअरचे भाग प्रोसेसरात थोडे असतात, बेरीज करणारे जास्त. आपण गर्दी केली ती नेमकी अरुंद दारात.

वेगाच्या तक्रारीपेक्षा मला दुसरा पुरावा वजनदार वाटतो, आणि तो विसंगतीचा आहे. दशांश संख्यांना प्रमोशन करता येत नाही. ३२-बिट दशांश संख्या ६४ बिटांत फुगवणे म्हणजे मोकळी जागा वाढवणे नव्हे, ती संख्येची बांधणीच बदलणे आहे. म्हणून दोन ३२-बिट दशांशांचा व्हेक्टर पहिल्यापासून वाइडनिंगनेच चाले, तो चारांच्या रांगेत खालच्या टोकाला बसे. त्याच मापाचा दोन ३२-बिट पूर्णांकांचा व्हेक्टर मात्र प्रमोशनने दोन ६४-बिट कप्प्यांत पसरून बसे. आता याची बिटे त्याची म्हणून वाचायची झाली, तर कागदावर ते काम फुकट असते. बिटे तीच, नाव वेगळे. पण इथे मधे फेरमांडणी लागे, कारण दोघांची बसण्याची रीतच निराळी. दशांशांचे पूर्णांक करणारी हार्डवेअरची आज्ञा आपली उत्तरे खालच्या कप्प्यांत लागून ठेवते. दोन ६४-बिट दशांशांचे दोन ३२-बिट पूर्णांक करणारी आज्ञाही तसेच करते. म्हणजे हार्डवेअर जे वाइडनिंगच्या रूपात देत होते, ते कंपायलर आधी पसरवून प्रमोशनच्या रूपात नेई, आणि स्मृतीत ठेवताना पुन्हा दाबून मूळ रूपात आणी. सगळ्यात गमतीची गोष्ट तीन घटकांची. दोनाच्या घातांत न बसणारी संख्या असली की नियम आधी वाइडनिंगचा. तीन ३२-बिट पूर्णांक त्यामुळे चारांच्या रांगेत सरळ बसत, तर दोन पूर्णांक पसरून. तीन बाइटांची तर दुहेरी वरात निघे: आधी चार बाइट होण्यासाठी रांग लांबवायची, मग चारांनाही फुगवायचे. एकाच पंगतीत तीन रीतींनी माणसे बसवली की वाढप्याचे होते ते कोडचे झाले होते.

कोडचे काय होते, हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. पायाभूत नियम गैरसोयीचा असला की त्यावर काम करणारे लोक नियम बदलत नाहीत, पळवाटा काढतात. आठ बाइट ठेवायचे आहेत? मग त्यांना तात्पुरता एक ६४-बिट पूर्णांक किंवा ६४-बिट दशांश समजा आणि त्या नावाखाली ठेवा. दोन पूर्णांकांचे रूपांतर करायचे आहे? त्या जोडीसाठी वेगळी शाखा लिहा. घटक लहान करणाऱ्या क्रियेनंतर लगेच साठवण दिसली तर दोन्ही मिळून ओळखणारा नमुना लिहा. एकेक पळवाट पाहिली तर शहाणपणाची वाटते, चाचणीसह येते, वेगही सुधारते. सगळ्या मिळून मात्र असा थर तयार होतो, की मूळ नियम काय हे सांगणे अवघड व्हावे. विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या १९९२ च्या पीएचडी प्रबंधात रिफॅक्टरिंगची कल्पना मांडली: वागणूक तशीच ठेवून रचना बदलणे. पुढे मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने तो शब्द घरोघर नेला. (एलएलव्हीएमचा जन्मही त्याच विद्यापीठातला, क्रिस लॅटनर यांच्याबरोबर त्याचा पाया घालणारे विक्रम अडवे हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी.) आता कंपायलरपुढे ही व्याख्या लावून पाहा. कंपायलरची ‘वागणूक’ कोणती? त्याने लिहिलेल्या आज्ञा म्हणाल, तर वाइडनिंगने प्रत्येक अरुंद व्हेक्टरच्या आज्ञा बदलल्या, तेव्हा हे रिफॅक्टरिंगच नव्हे. त्या आज्ञांनी तयार झालेल्या प्रोग्रामचे उत्तर म्हणाल, तर एकही उत्तर बदलायचे नव्हते, तेव्हा हे शंभर टक्के रिफॅक्टरिंग. मी दुसरा अर्थ धरतो. कंपायलरचा करार प्रोग्रामच्या अर्थाशी आहे, आज्ञांच्या यादीशी नाही. आणि एकदा तो धरला की कसोटीही बदलते: या बदलामुळे कोणकोणत्या पळवाटा पुसून टाकता आल्या, हे पाहायचे. नवा नियम आणून जुन्या शाखा तशाच ठेवणाऱ्याने रिफॅक्टरिंग केलेले नसते, आणखी एक थर चढवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सी भाषेच्या बाजूने येतो, आणि तो दिसतो तितका भाबडा नाही. सी मध्ये दोन बाइटांची बेरीज बाइटांत होतच नाही. लहान पूर्णांक आधी ‘इंट’ मध्ये फुगवले जातात, मग गणित होते. भाषाच प्रमोशन सांगते, तर कंपायलरने तेच केले तर त्यात वावगे काय? उत्तर असे, की भाषेच्या फुगवण्याने मधल्या उत्तरात अतिवाह टळतो. पण ते उत्तर पुन्हा बाइटातच साठवायचे असेल, तर वरची बिटे कुणी वाचणार नाही, हे ऑप्टिमायझर ओळखतो आणि गणित पुन्हा अरुंद करतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, तर्कक्रिया यांत खालची आठ बिटे फक्त खालच्या आठ बिटांवर अवलंबून असतात, त्यामुळे हे निर्धास्तपणे करता येते. या टप्प्याने मेहनतीने अरुंद केलेला व्हेक्टर पुढच्याच टप्प्याने फुगवायचा, याला काय म्हणावे? शिवाय उजवीकडे सरकवणे, तुलना, भागाकार अशा क्रियांत वरची बिटे उत्तरात उतरतात, म्हणून फुगवलेल्या घटकाच्या वरच्या कचऱ्याची दरवेळी साफसफाई करावी लागते. चिन्हांकित संख्या असेल तर चिन्ह वरपर्यंत ओढावे लागते. प्रमोशनमधला कचरा घटकाला चिकटलेला असतो, तो गणितात शिरतो. वाइडनिंगमधला कचरा शेजारच्या कप्प्यात असतो, आणि एका कप्प्यातले दुसऱ्यात शिरू न देणे हे व्हेक्टर हार्डवेअरचे मूळ ब्रीद आहे. संपृक्त बेरीज, म्हणजे २५५ च्या वर गेले की २५५ वरच थांबणारी, किंवा दोन बाइटांची सरासरी, यांसाठी एक्स-८६ मध्ये बाइटांच्या खास आज्ञा आहेत. घटक बाइट म्हणून उभा असेल तरच त्या ओळखून वापरता येतात.

दुसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. एक्स-८६ मध्ये बाइटांचा व्हेक्टर गुणाकार करणारी साधी आज्ञा नाही, १६-बिटांची आहे. आठ बाइटांचा गुणाकार करायचा तर ते १६ बिटांत फुगवावेच लागतात, आणि प्रमोशनमध्ये ते आधीच फुगलेले असतात. वाइडनिंगने त्यांचे सोळा बाइट केले, तर यंत्रवत कोड सोळा बाइटांचे दोन भाग करून दोनदा गुणाकार करील, त्यांतला एक भाग निव्वळ कचऱ्याचा. ही खरी पीछेहाट आहे आणि तिच्यासाठी वेगळी शाखा लिहावी लागते: आठच खरे घटक असतील तर फुगव, एकदा गुण, दाब. मग पळवाटच झाली ना, असे विचारले जाईल. मला भेद असा दिसतो. ही शाखा हार्डवेअरमधली खरी उणीव सांगते आणि ती त्या एका क्रियेपुरती, तिच्याच जागी लिहिता येते. जुन्या शाखा हार्डवेअरची उणीव सांगत नव्हत्या, कंपायलरने स्वतःच ओढवून घेतलेली अडचण निस्तरत होत्या, आणि म्हणून उचल, साठवण, रूपांतर, फेरमांडणी अशा प्रत्येक क्रियेपाशी त्या लागत. एका बिटाच्या घटकांचेही तसेच. त्यांच्यासाठी प्रमोशन आजही बरोबर आहे, आणि बदललेल्या अटीत त्यांना वगळलेच आहे: घटक एकापेक्षा जास्त असतील आणि ते एका बिटाचे नसतील, तर रांग लांबव. २०११ चे गृहीतक पूर्ण चुकीचे नव्हते. एका बिटापुरते खरे होते, ते आठ आणि सोळा बिटांपर्यंत ताणले गेले होते.

वाइडनिंगलाही स्वतःचे खड्डे आहेत, आणि ते लपवून या विषयाची ओळख करून देणे अप्रामाणिक ठरेल. रिकाम्या पाटावर वाढले तर बिघडत नाही, असे आपण गृहीत धरले. बेरजेत ते खरे आहे: कचऱ्यात कचरा मिळवला तरी कचराच, तो कुणी वाचत नाही. भागाकारात ते खोटे आहे. पूर्णांकाला शून्याने भागले तर एक्स-८६ प्रोसेसर तिथेच अपवाद उभा करतो आणि प्रोग्राम कोसळतो. शेपटीच्या कप्प्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही, तिथे शून्यही असू शकते. म्हणून लीगलायझेशनमध्ये, ज्या क्रिया असा अपवाद उभा करू शकतात त्यांना वेगळी वाट आहे: तिथे फक्त खऱ्या घटकांवरच क्रिया करायची, रांग लांबवायची ती उत्तराची. तसेच स्मृतीचे. रजिस्टर सोळा बाइटांचे झाले म्हणून सोळा बाइट उचलता येत नाहीत. खरे आठ बाइट ४०९६ बाइटांच्या पानाच्या अगदी कडेला असतील आणि पुढचे पान आपले नसेल, तर पुढचा एक बाइट वाचणेही गुन्हा. म्हणून उचल आणि साठवण मूळ मापानेच करावी लागते. आठ बाइटांसाठी आणि चार बाइटांसाठी तशा सरळ आज्ञा आहेत. दोन बाइटांसाठी मात्र बहुधा आधी साध्या रजिस्टरात उचलून मग व्हेक्टर रजिस्टरात सरकवावे लागते, आणि तिथे वाइडनिंगचा डौल थोडा ओसरतो. दोन्ही खड्ड्यांत एक साम्य आहे. ते मोजके आहेत, नावानिशी सांगता येतात, आणि चुकले तर प्रोग्राम दणक्यात कोसळतो. प्रमोशनमधली चूक, म्हणजे एखाद्या ठिकाणी कचरा पुसायचा राहणे, प्रोग्राम न कोसळवता उत्तर चुकवते. निवड करायचीच झाली तर मी आवाज करणारा धोका पत्करीन.

बदल करायचा कसा, यावर मतभेद असतात. घटकांची बैठक हा कोडच्या सगळ्या भागांतला अलिखित करार असतो, त्यामुळे तो एकेका फाइलीत हळूहळू बदलता येत नाही. अर्धे कोड एका रीतीने आणि अर्धे दुसऱ्या रीतीने चालले तर मधली प्रत्येक सीमा फुटते. म्हणून कित्येक वर्षे वाइडनिंग ‘प्रायोगिक’ असे नाव असलेल्या एका छुप्या पर्यायामागे राहिले. तो पर्याय सुरू करून चाचण्या लावायच्या, कुठे आज्ञा वाढल्या ते पाहायचे, त्या जागा दुरुस्त करायच्या, पुन्हा बंद करायचा. ही पद्धत मला पटते, एका अटीवर: पर्यायाला मरणाची तारीख हवी. दोन्ही रीती कायम जिवंत ठेवा, ज्याला जी हवी ती तो घेईल, हा सल्ला उदार वाटतो, पण प्रत्येक नव्या शाखेला दोनदा विचार करायला लावतो आणि न वापरली जाणारी वाट गुपचूप कुजत जाते. चाचण्यांचेही एक पथ्य आहे. एलएलव्हीएममध्ये प्रत्येक छोट्या उदाहरणाखाली अपेक्षित आज्ञा ओळीने लिहिलेल्या असतात आणि त्या नव्याने भरून देणारी पायथॉनची आज्ञावली आहे. बैठक बदलली की अशा हजारो ओळी बदलतात, आणि आज्ञावली चालवली की सगळ्या चाचण्या हिरव्या होतात. सोय तीच आणि सापळाही तोच. चाचणी आता बरोबर उत्तर तपासत नसते, कालचे उत्तर तपासत असते. त्यामुळे बदलापूर्वी गैरहजर उदाहरणे आधीच भरून ठेवायची, म्हणजे बदलाच्या वेळी आधीचे आणि नंतरचे शेजारी-शेजारी दिसते, आणि मग माणसाने ते वाचायचे. वाचण्याला पर्याय नाही. मधल्या भाषेवरची रूपांतरे गणिताने सिद्ध करून दाखवणारे अलाइव्ह-२ सारखे साधन आज आहे, पण आज्ञा निवडण्याचा हा शेवटचा टप्पा त्याच्या मूळ आवाक्याबाहेर पडतो.

आणखी एक जागा आहे जिचा विसर पडतो: खर्चाचा तक्ता. व्हेक्टर करायचे की नाही हे ठरवणारा टप्पा आधी एका तक्त्यात पाहतो, की अमुक प्रकारावर अमुक क्रियेला किती खर्च येईल. हे आकडे बैठकीवर बेतलेले असतात. चार बाइटांचे चार ३२-बिट पूर्णांक करणे हे प्रमोशनमध्ये जवळजवळ फुकट होते, ते आधीच पसरलेले, फक्त वरची बिटे पुसायची. वाइडनिंगमध्ये त्याला खरी आज्ञा लागते. उलट चार बाइट साठवणे महाग होते ते स्वस्त झाले. आज्ञा निवडणारे कोड सुधारले आणि तक्ता जुनाच राहिला, तर वरचा टप्पा जुन्या बाजारभावाने सौदे करीत राहतो: जिथे व्हेक्टर फायद्याचा तिथे नाकारतो, जिथे तोट्याचा तिथे करतो. दोन्ही फाइली वेगळ्या, त्या बदलणारे हातही बहुधा वेगळे, आणि चूक कुठल्याही चाचणीत ‘चूक’ म्हणून उमटत नाही.

करारातली खरी फट मात्र फंक्शनांच्या सीमेवर आहे. एका फंक्शनने दुसऱ्याला दोन ३२-बिट पूर्णांकांचा व्हेक्टर दिला, तर तो रजिस्टरात कसा बसला आहे हे दोघांना सारखेच माहीत हवे. दहाव्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात एक्स-८६ च्या मथळ्याखाली हे स्पष्ट सांगितले आहे: १२८ बिटांपेक्षा लहान व्हेक्टर आता रजिस्टराच्या खालच्या बिटांत राहतील आणि वरची बिटे अनिश्चित असतील, पूर्वी घटक पसरलेले असत आणि अनिश्चित बिटे त्यांच्या मधे असत. सी च्या प्रस्थापित करारात बसणाऱ्या प्रकारांना याची झळ फारशी लागत नाही. पण एलएलव्हीएमची मधली भाषा थेट लिहून देणाऱ्या एखाद्या कंपायलरने असे व्हेक्टर फंक्शनांतून फिरवले, आणि अर्धा प्रोग्राम नवव्या व अर्धा दहाव्या आवृत्तीने बांधला, तर दुसरा घटक चुकीच्या जागेवरून वाचला जाईल. वागणूक तशीच राहिली, हे वर केलेले विधान इथे अपुरे पडते. एका अखंड प्रोग्रामची वागणूक तशीच राहिली, तुकड्यांत बांधलेल्या प्रोग्रामची राहीलच असे नाही. माझ्या मते हा बदल रोखण्याइतका मोठा आक्षेप नव्हता, पण टिपणात लिहिण्याइतका नक्कीच होता, आणि ते लिहिले गेले.

याच सुमारास स्वतंत्रपणे वाढलेल्या जीसीसी या दुसऱ्या कंपायलरनेही, मे २०२० मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत, ६४-बिट एक्स-८६ वर एमएमएक्सची कामे एसएसई रजिस्टरांच्या खालच्या अर्ध्यात हलवली. दोन कंपायलर, दोन अगदी निराळ्या रचना, आणि काही आठवड्यांच्या अंतराने एकच बैठक. यावरून वाइडनिंग हे सार्वत्रिक उत्तर आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये. ६४-बिट आर्मवर अर्ध्या मापाची व्हेक्टर रजिस्टरे पहिल्यापासून आहेत. आठ बाइट तिथे सन्मानाने लीगल आहेत, आणि चार बाइटांना चार १६-बिट घटकांत फुगवणे हीच एलएलव्हीएमची तिथली रीत राहिली. तिथे हिशेब मुळातच वेगळा आहे, कारण फुगवायचे ते बहुधा दुपटीने, फार तर चौपटीने, आठपटीने नव्हे. आणि २०२१ मध्ये पक्क्या झालेल्या रिस्क-व्ही च्या व्हेक्टर विस्ताराने तर प्रश्नच हार्डवेअरकडे सोपवला आहे. किती घटक खरे आहेत हे तिथे एका वेगळ्या रजिस्टरात आधी लिहायचे असते आणि जवळजवळ प्रत्येक व्हेक्टर आज्ञा तेवढ्यांवरच चालते. शेपटीच्या घटकांचे काय, ते जुने होते तसे जपायचे की त्यांची पर्वा करायची नाही, हे दर्शवायला एक बिट राखून ठेवलेले आहे. ते बिट कधी कसे ठेवायचे, हे अजून कंपायलरच ठरवतो.